‘आपण’ कोण? : गटभावनेचा सिद्धान्त आणि मराठी समीक्षेची सोय

मराठी समीक्षेला दर दहा-पंधरा वर्षांनी एक नवी किल्ली सापडते आणि ती सापडली की घरातली सगळी कुलपे तिनेच उघडून पाहण्याची घाई सुरू होते. ‘आत्म’ आणि ‘पर’ ही जोडी अशीच एक किल्ली ठरली आहे. दलित आत्मकथनांवरचा प्रबंध असो, भटक्या-विमुक्तांच्या लेखनावरचे चर्चासत्र असो किंवा ग्रामीण कादंबरीवरचा निबंध असो. आरंभीच्या काही पानांतच ‘अस्मिता’ आणि ‘परत्व’ हे शब्द येतात, पाठोपाठ सामाजिक मानसशास्त्रातील एखाद्या प्रयोगाचा दाखला येतो आणि जो निष्कर्ष निघतो तो साधारणपणे असा असतो : माणूस हा गटात राहणारा प्राणी आहे. गट त्याला ओळख देतो. ओळख टिकवायची तर कोणाला तरी बाहेरचा ठरवावे लागते. म्हणून परगटाविषयीचा पूर्वग्रह ही मानवी मनाची प्रकृतीच होय. एवढे म्हणून झाले की ज्या पुस्तकाविषयी लिहायचे होते ते पुस्तक एका सार्वत्रिक नियमाचे स्थानिक उदाहरण होऊन बसते, आणि समीक्षक हात झटकून पुढच्या पुस्तकाकडे वळतो.

ही मांडणी निरुपद्रवी म्हणता येत नाही. सगळेच गट असे वागतात असे एकदा ठरले, की अमुक एका गटाने काही केले असे म्हणण्याचे कारणच उरत नाही. जातीने घडवलेला वाङ्मयव्यवहार मग पाऊसपाण्यासारखा होतो. तो असतो, त्याला कर्ता नसतो. या युक्तिवादात समजूतदारपणाचा जो सूर लागतो तो याच कर्तृलोपातून येतो. मौज अशी की ज्या प्रयोगांच्या आधाराने हे सारे सांगितले जाते ते प्रयोग नेमके याच्या उलट सांगतात. मराठी निबंधांतून त्यांचा उल्लेख वारंवार होतो, वाचन क्वचित.

हेन्री ताजफेल यांचा १९७० साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये आलेला लेख या संदर्भात हमखास पुढे केला जातो. ब्रिस्टलच्या एका उपनगरातील शाळेतली १४-१५ वर्षांची मुले घेऊन ताजफेल यांनी हे प्रयोग केले. त्यांतल्या एका प्रयोगात मुलांना पॉल क्ले आणि कँडिन्स्की यांच्या चित्रांच्या पारदर्शिका दाखवण्यात आल्या. कोणते चित्र कोणाचे हे सांगितले नाही. कोणते आवडले ते मुलांनी नोंदवले. मग प्रत्येकाला स्वतंत्रपणे कळवण्यात आले, की तुला क्ले आवडणाऱ्यांच्या गटात घातले आहे, किंवा कँडिन्स्की आवडणाऱ्यांच्या. वस्तुतः ही विभागणी यदृच्छेने केलेली होती; मुलाच्या पसंतीशी तिचा काही संबंध नव्हता. त्यानंतर प्रत्येकाने इतर मुलांना थोडे थोडे पैसे वाटून द्यायचे होते. स्वतःला काही घ्यायचे नव्हते. ज्यांना द्यायचे त्यांची नावे ठाऊक नव्हती. होता तो क्रमांक आणि गट. मुलांनी स्वगटाला झुकते माप दिले. एवढेच नव्हे, तर स्वगटाला जास्तीत जास्त रक्कम मिळण्यापेक्षा परगटाहून अधिक मिळणे त्यांना मोलाचे वाटले. फरक राखण्यासाठी स्वगटाचे नुकसान सोसायलाही ती तयार झाली.

येथवरचा भाग सर्वांना पाठ असतो. परंतु त्या शाळेत मुलांखेरीज आणखी एक पक्ष हजर होता. गट त्याने पाडले. गटांना नावे त्याने दिली. वाटायचे पैसे त्याने आणले आणि वाटपाचा तक्ता असा आखला, की समोरच्याविषयी ‘क्ले’ किंवा ‘कँडिन्स्की’ यापलीकडे काही कळूच नये. मुलांना एकमेकांशी बोलून ठरवण्याची मुभा नव्हती. न वाटण्याचा पर्याय तक्त्यात नव्हता. अशा स्थितीत मुलांनी जे केले त्याला ‘मानवी प्रकृती’ म्हणायचे, तर आधी प्रयोगकर्त्याला प्रयोगातून वजा करावे लागते. मराठीतली गटभावनेची चर्चा या वजाबाकीवर उभी आहे.

स्वतः ताजफेल यांना अशी वजाबाकी शक्यच नव्हती. पोलंडमधील ज्यू कुटुंबात जन्मलेले ताजफेल दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात होते आणि १९४० मध्ये जर्मनांचे युद्धकैदी झाले. आपण ज्यू आहोत हे त्यांनी लपवले नाही. पण आपण मूळचे पोलंडचे आहोत, हे कळू दिले नाही. ते उघड झाले असते तर ते जिवंत राहिले नसते. सुटका होऊन परतले तेव्हा त्यांचे जवळजवळ सारे आप्त मारले गेलेले होते. माणसाचा स्वभाव, त्याचे वागणे, पहारेकऱ्याशी जुळलेले त्याचे संबंध, यांपैकी कशालाही महत्त्व नसावे आणि त्याचे नाव कोणत्या रकान्यात पडते एवढ्यावर त्याचा जीव अवलंबून असावा, या अनुभवातून त्यांचा प्रश्न आला आहे. रकाने आखणारा हात त्यांच्या नजरेतून सुटणे अशक्य होते. त्यांच्या सुरुवातीच्या प्रयोगांत सहभागी असलेल्या मायकेल बिलिग यांनी २००२ साली याच परंपरेची चिकित्सा करताना जे दाखवले तेही ध्यानात घेण्यासारखे आहे : वर्गीकरणाच्या बौद्धिक प्रक्रियेतून पक्षपात समजतो, द्वेषाची धग तेवढ्याने समजत नाही. ज्या मुलाने क्ले गटाला दोन पेनी अधिक दिल्या त्याने कँडिन्स्की गटाच्या मुलाला पाणवठ्यावर येण्यास बंदी केली नव्हती.

शेरीफ यांच्या प्रयोगाचीही गत हीच. १९५४ च्या उन्हाळ्यात ओक्लाहोमा राज्यातील रॉबर्स केव्ह येथे ११ वर्षांच्या २२ मुलांचे शिबिर भरवून त्यांचे दोन गट पाडण्यात आले, त्यांच्यात स्पर्धा लावण्यात आल्या, आणि पाहता पाहता मुले एकमेकांचे झेंडे जाळू लागली, खोल्यांवर छापे घालू लागली. ही गोष्ट पाठ्यपुस्तकांतून दोन पिढ्या सांगितली गेली. तिच्या आदल्या वर्षाची गोष्ट मात्र बराच काळ अंधारात राहिली. जीना पेरी यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात ती तपशिलाने आली आहे. १९५३ साली शेरीफ यांनी न्यूयॉर्क राज्यात असेच एक शिबिर घेतले होते. तेथे मुलांना प्रथम एकत्र ठेवले, त्यांची मैत्री जमू दिली आणि मग त्यांचे दोन गट केले. चमूतल्या मोठ्यांनी गुपचूप कुरापती काढल्या. तरी मुले एकमेकांवर उलटेनात. उलट त्यांना मोठ्यांचाच संशय येऊ लागला. प्रयोग आवरता घ्यावा लागला. फसलेला म्हणून तो बाजूला पडला. मानवी स्वभावाविषयी काही सांगायचेच असेल तर या दुसऱ्या प्रयोगालाही साक्षीला बोलवावे लागेल. आणि त्याची साक्ष अशी आहे, की आधी ओळख झालेल्या माणसांना विभागणारा सापडू शकतो.

क्ले आणि कँडिन्स्की यांच्याकडे साहित्याच्या अभ्यासकांनी आणखी एका कारणासाठी परत यायला हवे होते. ताजफेल यांनी दुसऱ्या एका प्रयोगात पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या ओळखायला लावून गट पाडले होते; म्हणजे गट कशावरूनही पाडता येतात. तरी येथे जे निमित्त निवडले ते अभिरुचीचे होते, आणि ती अभिरुची मुलांची नव्हतीच. ती त्यांच्यावर चिकटवलेली चिठ्ठी होती. तरीही मुले तिला जागली. अभिरुची ही व्यक्तीच्या अंतरंगातून उमलणारी नितळ गोष्ट आहे, ही जी धारणा मराठी सौंदर्यविचारात घट्ट बसलेली आहे, तिला याहून मोठा धक्का कोणता? पिएर बोर्दिय यांनी १९७९ मध्ये फ्रेंच समाजाविषयी जे विस्ताराने दाखवले – आवडनिवड ही वर्गाची खूण म्हणून वापरली जाते – त्याचे बीज या शालेय खेळात आहे. ‘अभिरुचिसंपन्न वाचक’, ‘जाणकार रसिक’, ‘सहृदय’ या मराठी समीक्षेतल्या संज्ञा गुणवाचक वाटतात. त्या गटवाचक आहेत. अभिनवगुप्ताचा सहृदय काव्याच्या सततच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे असा रसिक होता. तो अभ्यास करू देण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता, हा प्रश्न रससिद्धान्ताच्या आधुनिक भाष्यकारांनी विचारला नाही. तो विचारणे त्यांना असाहित्यिक वाटले.

मराठी समीक्षकाला ब्रिस्टलपर्यंत जावे लागले याचे नवल आहे, कारण विभागणाऱ्याला सिद्धान्तात जागा देणारी मांडणी घरातच होती. मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील एका चर्चासत्रात बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील जातींची उत्पत्ती व यंत्रणा यांवर निबंध वाचला. त्यातला गाभ्याचा विचार असा, की एकटीदुकटी जात ही वस्तू संभवतच नाही. जाती असतात त्या अनेकवचनातच. एका वर्गाने विवाहाची दारे आतून लावून घेतली आणि त्यामुळे इतरांना आपण बाहेर कोंडले गेल्याचे आढळले. काहींनी अनुकरणाने स्वतःची दारे लावली, काहींवर ती लावली गेली. पुढे त्यांनी ‘श्रेणीबद्ध विषमता’ ही संकल्पना दिली तेव्हा या मांडणीला तिचे खरे धारदार टोक आले. प्रत्येक जातीच्या वर कोणी आहे ज्याचा आदर करायचा आणि खाली कोणी आहे ज्याचा तिरस्कार करायचा. म्हणून सर्वांत खालच्या पायरीवरचे सोडले तर प्रत्येकाला या शिडीत काही ना काही गमवायचे असते.

स्वगट-परगटाचे जे चित्र समनर यांनी १९०६ साली ‘फोकवेज’ या ग्रंथात रूढ केले आणि पुढे प्रयोगशाळेत गेले, त्यात दोन गट समोरासमोर उभे असतात, जणू एकाच पटांगणावर. क्ले गट कँडिन्स्की गटाच्या डोक्यावर बसलेला नाही. कँडिन्स्की गटाच्या पायाखाली तिसरा कोणी नाही. जातीच्या समाजात पटांगणच नाही, जिना आहे. आणि जिन्यावर ‘प्रत्येकाला आपला गट प्यारा’ हे विधान फारसे खरेही ठरत नाही, कारण वरच्या पायरीवरचे आचार, नावे, देव आणि भाषा उचलण्याची धडपड खालच्याला करावी लागते. जो गट स्वतःच्याच बोलीची लाज बाळगायला शिकतो त्याच्या बाबतीत स्वगटप्रेमाचा सिद्धान्त काय सांगणार? ऑलपोर्ट यांनी १९५४ च्या ‘द नेचर ऑफ प्रेज्युडिस’मध्ये एक सावध गोष्ट नोंदवली होती : स्वगटाविषयीच्या निष्ठेतून परगटाविषयीचे वैर अपरिहार्यपणे निघत नाही. तेवढा सावधपणाही मराठीत उतरला नाही.

आता प्रत्यक्ष भाषेकडे यावे. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ म्हणताना ज्याच्याशी बोलणे चालू आहे तो वगळला जातो. ‘आपण’ म्हणताना तो धरला जातो. हा भेद गुजरातीत आहे, तेलुगू-तमिळमध्ये आहे. हिंदीत आणि इंग्रजीत नाही. ‘आम्ही जेवायला बसतो’ आणि ‘आपण जेवायला बसू’ या दोन वाक्यांत पंगतीचा सारा व्यवहार सामावलेला आहे, हे मराठी बोलणाऱ्या लहान मुलालाही कळते. म्हणजे गटाच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे दर वाक्याला ठरवण्याची सक्ती ही भाषा करते. असे असूनही, किंवा कदाचित असे असल्यामुळेच, मराठी समीक्षेने आपल्या लेखनासाठी जवळजवळ एकमुखाने ‘आपण’ निवडले. ‘ही कविता वाचताना आपण अस्वस्थ होतो.’ ‘या वस्तीतले जीवन आपल्याला अपरिचित असते.’ ‘दलित लेखकांनी आपल्या जाणिवांच्या कक्षा रुंदावल्या.’ अशी वाक्ये या शतकात आणि मागच्याही शतकात किती लिहिली गेली याची मोजदाद नाही. ती सद्भावनेनेच लिहिली गेली. पण दुसरे वाक्य त्या वस्तीत वाढलेल्या विद्यार्थिनीने ग्रंथालयात बसून वाचायचे आहे. ती त्या ‘आपल्याला’मध्ये आहे की नाही? व्याकरण म्हणते, आहे. वाक्याचा अर्थ म्हणतो, नाही. परीक्षेत तेच वाक्य लिहून तिला गुण मिळवायचे असतात, म्हणून ती स्वतःच्या वस्तीला अपरिचित म्हणायला शिकते. पूर्वग्रह असा उतरतो. त्याला शिवी लागत नाही, सर्वनाम पुरते.

या ‘आपण’चा इतिहास जुना आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले; १८८५ साली दुसऱ्याची तयारी झाली आणि त्याचे निमंत्रण जोतीराव फुल्यांकडे गेले. फुल्यांनी नकार दिला, आणि जून १८८५ मध्ये तो ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला. जे लोक सर्वसामान्यांचे मानवी हक्क मान्य करीत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभा-पुस्तकांचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. या पत्राची नोंद बहुधा फुल्यांच्या परखडपणाचा नमुना म्हणून घेतली जाते. ते खरे म्हणजे व्याकरणाचे पत्र आहे. निमंत्रणात एक ‘आपण’ होता : आपण सारे ग्रंथकार. फुल्यांनी उत्तर ‘आम्ही’ने दिले. ते फुटीर वाटले, अजूनही काहींना वाटते. परंतु ‘आम्ही’ हे सर्वनाम ऐकणाऱ्याला वगळते, याचाच दुसरा अर्थ असा, की त्याला ऐकणारा लागतो. समोर कोणी तरी वेगळा आहे, त्याला हे सांगायचे आहे, हे गृहीत धरल्याशिवाय ‘आम्ही’ उच्चारताच येत नाही. ‘आपण’ला तशी गरज नाही, तो समोरच्याला गिळून बसलेला असतो. सर्वसमावेशक दिसणारे सर्वनाम संवाद बंद करते आणि तुटक दिसणारे सर्वनाम तो सुरू करते. आजचे अखिल भारतीय साहित्य संमेलन स्वतःची मोजणी १८७८ पासून करते. फुल्यांनी नाकारलेले संमेलन त्या मोजणीत क्रमांक दोनवर आहे आणि नकाराला क्रमांक नाही.

हेच सूत्र विशेषणांना लागू पडते. ‘दलित साहित्य’, ‘ग्रामीण साहित्य’, ‘आदिवासी साहित्य’, ‘मुस्लिम मराठी साहित्य’, आणि यांतून जे उरते ते नुसते ‘साहित्य’. ज्याला विशेषण लागत नाही तो गट स्वतःला गट समजत नाही. गटभावना ही त्याच्या लेखी नेहमी दुसऱ्यांची असते. यावर ठरलेले उत्तर असे, की ‘दलित’ हे विशेषण दलित लेखकांनीच घेतले. १९५८ साली मुंबईत भरलेल्या दलित साहित्य संमेलनाचा दाखला त्यासाठी दिला जातो. दाखला खरा आहे, उत्तर लटके आहे. रकान्यात टाकलेल्या माणसाने रकान्याचे नाव बदलून घेणे आणि रकाना आखणे या दोन क्रिया एक नव्हेत. लक्ष्मण माने यांनी १९८० साली आत्मकथनाचे नाव ‘उपरा’ ठेवले. लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ साली ‘उचल्या’. त्यांच्या मधल्या काळात, १९८४ साली, शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ आले. तिन्ही नावे गावाने, जातीने किंवा सरकारने माणसाला हाक मारण्यासाठी वापरलेले शब्द आहेत. ‘उचल्या’मागे तर एक आख्खा कायदा उभा आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार म्हणून नोंदवण्याची, त्यांची हजेरी घेण्याची आणि हालचालींवर बंधने घालण्याची सोय सरकारला करून दिली. तो रद्द झाला १९५२ साली. त्यानंतर पस्तीस वर्षांनी एक लेखक तो शिक्का उचलून मुखपृष्ठावर ठेवतो तेव्हा त्याने ‘स्वतःची अस्मिता व्यक्त केली’ असे म्हणणे म्हणजे पुस्तक उलटे धरून वाचणे होय. त्याने नोंदवहीच वाचकापुढे ठेवली आहे. ‘उपरा’ला १९८१ चे आणि ‘उचल्या’ला १९८८ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले, याचा हवाला देऊन मराठी वाङ्मयविश्व किती उदार आहे हे सांगितले जाते. पारितोषिक देणारा उदार आणि घेणारा उपरा. या वाक्यातल्या जागा कोणी बदललेल्या नाहीत.

याउलट नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला १९७२ साली विजय तेंडुलकरांनी लिहिलेली प्रस्तावना पाहावी. पांढरपेशा जगाची हद्द कोठे संपते आणि कोठून पुढे आपल्याला काही ठाऊक नाही, हे तेंडुलकर तेथे कबूल करतात. बाहेरच्या कवीची आतल्यांना ओळख करून देण्याचा तो प्रघातच होता, हे खरे. पण तेंडुलकरांनी तो पाळताना बाहेरचे कोण, हा प्रश्न स्वतःवर वळवून घेतला. त्या प्रस्तावनेनंतरच्या समीक्षेने कवीची भाषा पुष्कळ तपासली, प्रस्तावनाकाराचे हे अजाणपण मात्र कोणी पद्धत म्हणून पुढे नेले नाही.

देशीवादाविषयी येथे फार थांबण्याचे कारण नाही. भालचंद्र नेमाड्यांनी महानुभाव, वारकरी आणि सत्यशोधक यांची परंपरा मध्यभागी आणली हे मोठे काम आहे. पण ‘देशी’ आणि ‘परकीय’ अशी आखणी झाली की तिच्या अलीकडच्या बाजूला पुन्हा एक न विभागलेला ‘आपण’ तयार होतो, आणि गावाच्या आतले देशीपण व गावाबाहेरचे देशीपण एकच मानून चालावे लागते. इंग्रजीवर राग काढताना वेशीचा विसर पडतो.

गटभावनेच्या सिद्धान्ताचे समर्थक येथे एक हुकमी पान टाकतात. ते म्हणतात, पीडितांच्या गटातही पूर्वग्रह असतातच ना? त्यांच्यातही पोटजाती आहेत, त्यांच्यातही स्त्रियांना मारहाण होते. मग नियम सार्वत्रिक नाही तर काय? प्रश्न टाळण्यासारखा नाही, आणि टाळण्याची गरजही नाही. कारण त्याचे उत्तर मराठीत लिहिले गेले आहे, कोणत्याही प्रयोगशाळेतल्यापेक्षा नेमके. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८२ पासून ‘स्त्री’ मासिकात क्रमशः येऊ लागले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. महारवाड्यातल्या सुनांचे हाल त्यात कोणतीही भीड न ठेवता आले आहेत : उपासमार, कामाचा रगाडा, सासूने मुलाला चिथावणे, नाक कापण्यापर्यंत गेलेली मजल. असे चित्र आतल्या माणसाने काढले की बाहेरचा समीक्षक ते लगेच सार्वत्रिक नियमाच्या खात्यात जमा करतो. पण कांबळे वर्णन करून थांबत नाहीत, कारणही सांगतात. जगाने या माणसांना गुलाम केले होते. तीही माणसेच होती, त्यांनाही कोणावर तरी सत्ता गाजवावीशी वाटत होती. ती गाजवू कोण देणार? म्हणून त्यांनी स्वतःच्या घरातच गुलाम शोधले, आणि त्या सुना होत्या.

या थोड्या ओळींत जे आहे ते ताजफेल यांच्या तक्त्यात मावत नाही. येथे पूर्वग्रह स्वगटप्रेमातून निघत नाही. तो वरून येतो आणि पायरी पायरीने खाली उतरवला जातो. जो विभागला गेला तोच विभागणारा होतो, आणि त्याला मिळालेला तक्ता दुसऱ्याने आखलेला असतो. सून तर परगटातलीही नव्हे. तिला परकी करावी लागते. उद्या ती सासू होईल, हेही त्यात आहे. श्रेणीबद्ध विषमता घराच्या चुलीपर्यंत कशी पोहोचते, याचे विवेचन या पुस्तकात झाले आहे आणि ते करणाऱ्या बाईने स्वतःच्या गटाला त्यातून सूट दिलेली नाही. ‘प्रत्येक गट असेच करतो’ असे म्हणणाऱ्याला हे पुस्तक आधार म्हणून वापरता येत नाही. कारण ते प्रत्येक वेळी विचारते, हे करायला कोणी भाग पाडले, आणि भाग पाडल्यावरही केले कोणी.

मराठी विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत हे पुस्तक ‘आत्मकथन’ या शीर्षकाखाली असते. समीक्षा-सिद्धान्ताच्या यादीत ते नसते. गोपाळ गुरू यांनी २००२ साली भारतीय सामाजिक शास्त्रांविषयी लिहिताना सिद्धान्त करणारे आणि अनुभव पुरवणारे अशा ज्या जातिबद्ध श्रमविभागणीवर बोट ठेवले, तिचे हे मराठी वाङ्मयातले रूप. अनुभव कांबळे यांचा, त्याचा अर्थ लावायला ताजफेल. आणि दोहोंच्या मध्ये मराठी समीक्षक, जो प्रस्तावनेत ‘आपण’ असे लिहितो.

‘स्त्री’ मासिकाचा वाचकवर्ग बहुतांशी मध्यमवर्गीय, शहरी, शिकलेल्या बायकांचा होता. त्यांच्यासमोर, त्यांच्याच मासिकाच्या पानांवर, एका बाईने शीर्षकातच ‘आमुचं’ म्हटले. वाचणारीला वगळले, आणि वगळले आहे हे तिला सांगून मग पुढे बोलायला सुरुवात केली. मायाताई पंडितांनी २००८ मध्ये या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद ‘द प्रिझन्स वुई ब्रोक’ या नावाने केला. त्या ‘वुई’मध्ये इंग्रजी वाचक आहे की नाही, हे इंग्रजी व्याकरण सांगू शकत नाही. मराठी शीर्षकात ती शंका राहत नाही; आणि तरीही या पुस्तकावर मराठीत लिहिणारे बहुतेक जण आरंभ करतात तो ‘आपल्या समाजात’ या शब्दांनी.